डॉक्टर बदलीवर आहेत

डॉ. गुरुदत्त खांबेटे यांना खुर्चीत बसलेलं ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीत फार थोड्या लोकांनी पाहिलं असेल. इस्पितळाच्या इमर्जन्सीत ते एक्स-रे उभ्यानेच बघत, डबा उभ्यानेच खात, आणि पेशंटच्या नातेवाइकांना धीर द्यायचा तोही या पायावरून त्या पायावर होत. गुरुदत्त हे नाव जिभेवर न वळणाऱ्या नर्सेस म्हणायच्या, 'डॉक्टर जी' बसले म्हणजे पेशंटचं काही खरं नाही. घरीही तीच तऱ्हा. चहाचा कप हातात घेऊन ओट्यापासून मागच्या दारापर्यंत आणि दारापासून पुन्हा ओट्यापर्यंत, चहा संपला तरी फेऱ्या चालूच. बायको मयूरा लग्नाच्या पहिल्या वर्षी म्हणायची, "अरे, बूड टेक जरा." पुढे तिनं म्हणणं सोडून दिलं.

माणूस वाईट नव्हता हो. हाताला यश होतं, पेशंटशी गोड बोलायचा, रागावला तर पाच मिनिटांत विसरायचा. एकच खोड. एका गावात दोन-तीन वर्षं झाली की त्याच्या तळपायाला मुंग्या यायला लागायच्या.

जन्म मिरजेचा, डॉक्टरकीही मिरजेचीच. पण पदवी हातात पडल्यावर तो मिरजेत टिकला नाही. सांगली, मग नाशिक, मग गोव्यात एका खाजगी इस्पितळात. तिथून परीक्षा देऊन ऑस्ट्रेलिया. इकडे नियम असा की बाहेर शिकून आलेल्या डॉक्टरांनी पहिली दहा वर्षं मोठ्या शहरांपासून लांब, जिथे डॉक्टर मिळत नाहीत अशा गावांत काढायची. बाकीचे डॉक्टर या नियमाला शिव्या घालत दिवस मोजायचे. गुरुदत्तला तो नियम म्हणजे सासरहून आलेला आहेर वाटला. डबो झालं, व्हायाला झालं, माउंट आयझा झालं. प्रत्येक वेळी बिऱ्हाड पाठीवर, प्रत्येक वेळी तोंडी एकच वाक्य, "काय करणार, जावं लागतं."

मयूरा खनिजं तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करायची. दर गावात नव्याने नोकरी शोधायची, माणसं ओळखीची होईपर्यंत राजीनामा द्यायचा, हे तिला सवयीचं झालं होतं. घरातली काही खोकी तर उघडायचीच बंद झाली. गॅरेजमध्ये 'किचन-२' असं मार्करनं लिहिलेलं एक खोकं होतं, ते व्हायालात बंद झालं आणि माउंट आयझाचं ऊन खाऊन न उघडताच कालगुर्लीला आलं. भिंतींना खिळा नव्हता. फोटोंच्या चौकटी जमिनीवर भिंतीला टेकून उभ्या, जशा काही पुढच्या ट्रकची वाट बघताहेत.

आणि मुलगी मिताली. तिच्या कपाटात चार रंगांचे युनिफॉर्म होते. नव्या शाळेत पहिल्या आठवड्यात मैत्रिणी करायच्या आणि शेवटच्या दिवशी डोळ्यांतून टिपूस न काढता निघायचं, हे ती आठव्या वर्षी शिकली. ही काही आईबापांनी चारचौघांत कौतुकानं सांगायची गोष्ट नव्हे. पण गुरुदत्त सांगायचा.

त्याच्याजवळ एक भक्कम आधार होता, तो म्हणजे पणजोबा. कॅप्टन डॉ. दीनानाथ खांबेटे. पहिल्या महायुद्धात सरकारनं हिंदी डॉक्टरांना लष्करात तात्पुरतं कमिशन दिलं, तेव्हा हे मुंबईहून नुकते डॉक्टर होऊन आलेले. बसऱ्याला गेले. नदीतल्या इस्पितळाच्या बोटीवर पटकीचे सोल्जर सांभाळले. तिथून वझिरिस्तान, तिथून एडन, तिथून रंगून. त्यांचा फोटो घरात होता, खाकी कोट, कंबरेला पट्टा, आणि नजर फोटोवाल्याच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी. फिक्या पडलेल्या फितींची तीन पदकं होती. आणि घराण्यात पिढ्यान् पिढ्या चालत आलेली गोष्ट होती की सरकारचा हुकूम यायचा आणि बिचाऱ्या कॅप्टन आजोबांना ट्रंक भरावी लागायची. मूल आजारी असो, घरात लग्न असो, बदली म्हणजे बदली.

"आमच्या पायाला भिंगरी सरकारनंच बांधली," गुरुदत्त हसत म्हणायचा. "रक्तात आली आता."

कालगुर्लीत मात्र गणित जरा फिसकटलं. मिताली अकरावीत आली होती. शाळेच्या धावण्याच्या संघात होती, जिवाभावाची एक मैत्रीण होती, आणि मुख्य म्हणजे पहिल्यांदाच तिनं आपल्या खोलीच्या भिंतीवर काहीबाही चिकटवायला सुरुवात केली होती. मयूरा सोन्याच्या खाणीच्या लॅबमध्ये रुळली होती. खाणीत सुरुंग उडाला की घराच्या काचा थरथरायच्या आणि मयूरा स्वयंपाक करता करता म्हणायची, "आज आमच्याकडे जोरात आहे." आमच्याकडे! गावाबद्दल तिनं असं पूर्वी कधी म्हटलं नव्हतं.

नेमकी तेव्हाच गुरुदत्तच्या तळपायांनी उचल खाल्ली. उत्तरेला कॅथरिन नावाच्या गावात डॉक्टर हवाय असं त्यानं ऐकलं. ड्यूटीहून येताना गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, फोन लावला, आणि घरी पोचायच्या आत 'हो' म्हणून मोकळा झाला. सही राहिली होती, शब्द गेला होता. जेवताना भात कालवत तो म्हणाला, "मला जुलैत कॅथरिनला जावं लागेल बहुतेक."

मितालीनं चमचा खाली ठेवला.

"आय अ‍ॅम नॉट कमिंग, बाबा."

"अगं, तिथे पण शाळा आहे. आणि कॅथरिनला काय सुंदर नदी..."

"मी पर्थला राहीन. हॉस्टेलला. आय हॅव ऑलरेडी लुक्ट इट अप." तिचा आवाज चढलेला नव्हता. त्यानंच तो जास्त घाबरला. "इयर ट्वेल्व्ह तिथेच करीन, मग युनी. तुम्ही दोघं जा. नो वरीज."

बारावी, मग युनिव्हर्सिटी. म्हणजे ही आता जी जाईल ती गेलीच. सुट्टीत पाहुणी म्हणून येईल, आणि तेही कुठल्या गावाला यायचं ते आधी विचारून. गुरुदत्तच्या पोटात खड्डा पडला. पण माणसाचं मन कसं असतं बघा, त्या खड्ड्यातही कॅथरिनची नदी वाहातच होती. तो मयूराकडे बघायला लागला. मयूरा ताटं उचलत म्हणाली, "विचार कर गुरू." एवढंच.

पुढचे दिवस तो घरात पिंजऱ्यातल्यासारखा फिरत राहिला. मिताली नसेल असं घर डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला, जमेना. कालगुर्लीत आणखी दोन वर्षं काढायची कल्पना केली, तर शर्टाची कॉलर आवळल्यासारखी वाटली. शेवटी त्याला वाट सापडली, निदान त्याला तसं वाटलं. अँझॅक डे जवळ आला होता. लढाईत गेलेल्यांची आठवण काढायचा हा इथला मोठा दिवस. शाळेच्या कार्यक्रमात मुलांनी आपापल्या घरातल्या सैनिकाबद्दल बोलायचं होतं आणि मितालीनं नाव दिलं होतं. गुरुदत्त हरखला. पोरगी कॅप्टन आजोबांवर बोलणार म्हणजे तिला आपोआप कळणार की खांबेट्यांच्या नशिबी हे असतंच. जावं लागतं.

त्यानं उत्साहानं तिला सगळी गोष्ट पुन्हा सांगितली. बसरा, बोट, हुकूम, ट्रंक. तिनं मुकाट्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी सुनेत्राआजीला पण विचारते. शी न्यू हिम, राइट?"

सुनेत्राआत्या ही गुरुदत्तची सख्खी आत्या, कॅप्टनची नात. वय ऐंशीच्या वर, सिडनीला वेंटवर्थव्हिलमध्ये मुलाकडे राहायची. खालच्या दुकानातून स्वतः कढीपत्ता निवडून आणायची आणि जिभेला हाड नसल्याबद्दल सगळ्या नात्यात प्रसिद्ध होती.

"विचार की," गुरुदत्त खुशीत म्हणाला. "आत्या सगळं सांगेल."

कार्यक्रमाच्या सकाळी त्यानं स्वतः पदकं पुसली. मितालीच्या ब्लेझरवर डाव्या बाजूला, बरोब्बर हृदयावर, नीट ओळीत लावली. "कॅप्टनची खापरपणती शोभतेस," म्हणाला. तो मनापासून बोलत होता, ते नाटक नव्हतं.

शाळेच्या फाटकाशी रॉय नावाचे एक म्हातारे गृहस्थ उभे होते. व्हिएतनामला जाऊन आलेले, दरवर्षी कार्यक्रमाला येणारे. त्यांच्या कोटावर डावीकडे पदकं होती आणि उजवीकडेही. त्यांनी मितालीकडे पाहिलं आणि मान हलवली.

"राँग साइड, लव्ह. तुझी आहेत का ती?"

"माझ्या आजोबांची," गुरुदत्त मध्येच म्हणाला. "पणजोबांची. इंडियन आर्मी. डॉक्टर होते."

"गुड ऑन हिम. मग उजवीकडे, मेट. ही डावी बाजू ज्यानं कमावली त्याची." त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं, आधी डावीकडे, मग उजवीकडे. "हे मी केलं. हे माझ्या बापानं केलं. गल्लत करायची नाही."

गुरुदत्त ओशाळला. आपल्याकडे मानाची वस्तू हृदयावर, एवढंच त्याला ठाऊक. त्याच्या बोटांना टाचण्या निघेनात, तेव्हा मितालीनं स्वतःच काढल्या आणि उजवीकडे लावल्या. लावताना ती जरा थांबली, काहीतरी सुचल्यासारखी.

सभागृहात गुरुदत्त मागे, दाराजवळ, अर्थातच उभा राहिला. मयूरा खुर्चीवर बसली. मितालीचं नाव पुकारलं गेलं. ती इंग्रजीत बोलली, कागद न घेता. बसरा आलं, बोट आली, पटकी आली. एकाच बिछान्यावर दोन-दोन सोल्जर आणि पाणी पाजायला माणूस नाही, तेव्हा कॅप्टन रात्रंदिवस चमच्यानं पाणी पाजत फिरायचे, बसायला जागाच नव्हती, हेही आलं. गुरुदत्तला हे ठाऊक नव्हतं. त्याची मान ताठ झाली. मग ती म्हणाली:

"आमच्या घरात सांगतात की लढाई संपल्यावरही सरकार त्यांना पाठवत राहिलं. ते खरं नाही. लढाई संपल्यावर सरकारनं त्यांना घरी जायला सांगितलं होतं. त्यांनी अर्ज केला, मला ठेवा म्हणून. मुदत संपली की पुन्हा अर्ज. वझिरिस्तान त्यांनी मागितलं. एडन मागितलं. रंगूनही मागितलं. तेव्हा त्यांचा मुलगा माझ्याएवढा होता. त्या बोटीनंतर त्यांना घरात बसता येत नव्हतं, आणि त्याबद्दल मला वाईट वाटतं. पण त्यांना कुणी पाठवलं नव्हतं." तिनं पदकांवर हात ठेवला. "आज मला कळलं की आपण न केलेल्या गोष्टी उजव्या बाजूला लावायच्या असतात. ही त्यांची आहेत. मी ती अभिमानानं लावलीत. बाकीचं मी घेणार नाही."

टाळ्या पडल्या. रॉय बराच वेळ वाजवत राहिले. तिनं वडिलांकडे एकदाही पाहिलं नाही.

गाडीत बसल्या बसल्या गुरुदत्तनं आत्याला फोन लावला, स्पीकरवर. मयूरा शेजारी होती.

"आत्या, काय सांगितलंस तू पोरीला? बाबा जन्मभर म्हणायचे, सरकारची बदली, सरकारची बदली!"

"तुझ्या बाबाला तेच माहीत होतं रे. मलाही तेच माहीत होतं." आत्याच्या मागे कुकरची शिट्टी झाली. "मी कॉलेजात असताना आजोबांनीच एकदा सांगितलं मला. शेवटी शेवटी बाहेरच्या खोलीत खाटेवर पडून असायचे. म्हणाले, सुने, मला कोणी धाडलं नाही. मीच मागून घेतलं. घरात आलो की भिंती अंगावर यायच्या."

"मग बदली, हुकूम, हे सगळं कुणी काढलं?"

"आजीनं. दुसरं कोण काढणार? पोरगा विचारायचा, बाबा का गेले? शेजारीपाजारी विचारायचे. त्यांना काय सांगणार होती ती, की यांना आमच्यात करमत नाही म्हणून? सरकारवर ढकललं. सरकार काही खुलासा करायला येत नाही." कुकर बंद करून आत्या म्हणाली, "तुला एक सांगते गुरू. इतकी सवय झाली होती तिला, की म्हातारपणी कुणी दारात येऊन विचारलं, डॉक्टर आहेत का, तर ती पटकन म्हणायची, डॉक्टर बदलीवर आहेत. आणि आजोबा आत, हातभर अंतरावर खाटेवर. ऐकायचे. एकदाही म्हणाले नाहीत की मी आहे."

फोन ठेवल्यावर गुरुदत्त उसळला. "पण माझं तसं नाही! मला तर खरंच नियम..."

बोलता बोलता त्याची जीभ अडखळली. नियम दहा वर्षांचा होता. तो माउंट आयझात असतानाच संपला होता. कालगुर्लीला कुणीही पाठवलं नव्हतं. ब्रिस्बेनजवळ स्प्रिंगफील्ड लेक्समध्ये चांगली जागा चालून आली होती, मयूराची बहीण तिथे होती, ती जागासुद्धा त्यानंच नाकारली होती.

"मितालीला कुठे माहीत आहे, नियम संपलाय ते," मयूरा समोरच्या काचेतून बघत म्हणाली.

"तिला कुणी सांगितलं होतं, नियम आहे म्हणून? मी तर तिला नियमाबद्दल कधी..."

"मी सांगितलं." मयूरानं पट्टा सोडला, पुन्हा लावला. "माउंट आयझा सोडताना ती रडली होती. बाथरूममध्ये, नळ सोडून. तुझ्यासमोर रडत नाही ती. मला म्हणाली, व्हाय डझ ही डू धिस? मी म्हटलं, बाबांना जावं लागतं गं, सरकारचा नियम आहे. काय सांगू दुसरं? तुझ्या पणजीला जे सुचलं तेच मला सुचलं."

गुरुदत्तनं गाडी सुरू केली नाही. किल्ली हातात धरून तो तसाच बसून राहिला. आता उठून फेऱ्या मारायला जागा नव्हती. त्याला लाज वाटली, सरळ साधी लाज, कानापर्यंत तापवणारी. आपण बायकोला खोटं बोलायला लावलं आणि ते खोटं घराण्याचा वारसा म्हणून मिरवलं. इतक्या वर्षांत मयूरानं एका शब्दानंही बोलून दाखवलं नव्हतं, आणि आज मात्र तिचे डोळे भरून आले होते. त्यानं तिच्या हातावर हात ठेवला. तिनं हात काढून घेतला नाही, पण त्याचा हात धरलाही नाही.

दुपारी मिताली शाळेतून आली. ब्लेझर खुर्चीवर टाकला, पदकं उजवीकडे तशीच. बाप ओट्याशी उभा होता. तिनं फ्रिज उघडला आणि फ्रिजकडेच बघत विचारलं, "बाबा, कॅथरिन. डिड दे सेंड यू, ऑर डिड यू आस्क?"

त्याच्या ओठावर 'जावं लागतं' आलं होतं. वर्षानुवर्षांची सवय, कुठे जाते?

"मी मागितलं," तो म्हणाला. "कालगुर्ली पण मीच मागितलं होतं. नियम कधीच संपला. आईनं तुला जे सांगितलं ते माझी लाज राखायला. तिला काही बोलू नकोस."

मितालीनं फ्रिज बंद केला. "व्हाय, बाबा?"

"माहीत नाही गं." हे म्हणताना त्याला रडू फुटेल की काय असं वाटलं. "मी काही लढाई पाहिली नाही. बोट पाहिली नाही. मला काहीच झालेलं नाही. एका जागी राहिलो की जीव घुसमटतो, एवढंच."

"सो दॅट्स नॉट हिज. इट्स युअर्स."

"हो. डाव्या बाजूचं आहे ते."

ती हसली नाही. पण तिथून गेलीही नाही. तिच्यासमोरच त्यानं फोन लावला आणि कॅथरिनला नाही म्हणून सांगितलं. पलीकडचा माणूस वैतागला, त्याची बोलणी ऐकून घेतली. फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "अँड नेक्स्ट इयर?"

"पायाला मुंग्या येतीलच," तो म्हणाला. "आल्या की सांगीन तुला, मुंग्या आल्यात म्हणून. तू बारावी होईपर्यंत इथून हलणार नाही."

"ओके," मिताली म्हणाली. तिचा विश्वास बसला असेल असं काही तिच्या चेहऱ्यावरून दिसलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

मुंग्या आल्याच. पुढच्या रविवारी सकाळपासून तो घरभर फिरत होता. खाणीच्या कठड्यापर्यंत गाडी नेऊन तो मोठा खड्डा बघून आला, तरी भागेना. शेवटी गॅरेजमध्ये गेला आणि 'किचन-२' चं खोकं उचलून आत घेऊन आला. मयूरा हातातलं काम टाकून बघायला आली. चिकटपट्टी इतकी वाळली होती की नुसत्या बोटानं निघाली. आत एक किसणी, वर्तमानपत्रात गुंडाळलेले सहा पेले आणि कुकरचं झाकण निघालं.

"अगंबाई," मयूरा म्हणाली. "आणि मी याचा कुकर माउंट आयझात फेकून दिला, झाकण हरवलं म्हणून!"

ती हसायला लागली. बऱ्याच दिवसांनी अशी हसत होती. गुरुदत्त तिथेच जमिनीवर, खोक्याच्या बाजूला बसला आणि पेले सोडवायला लागला. पाय वळवळत होते. तो बसून राहिला.

दाराची बेल वाजली. मिताली उघडायला गेली. नरेंद्र आला होता, खाणीत इंजिनीअर असलेला नागपूरचा पोरगेला माणूस, बोटाला काहीतरी लागलं होतं, रुमाल गुंडाळलेला.

"डॉक्टर आहेत का गं?"

दारात काही बोलणं झालं नाही. आत गुरुदत्तचे हात पेल्यावर थांबले. आत्यानं सांगितलेली खाट त्याला आठवली, आणि मिताली आता काय म्हणेल म्हणून तो कानात प्राण आणून ऐकू लागला. मग त्याच्या ध्यानात आलं की ऐकत बसायचं नाहीये.

"आहे रे!" तो जमिनीवरूनच ओरडला. "ये आत."

मितालीनं वळून पाहिलं. बाप वर्तमानपत्राच्या पसाऱ्यात मांडी घालून बसला होता.

"हो," ती नरेंद्रला म्हणाली, "बाबा घरी आहे."